पेठेतल्या लोकांना भूकंपाचा धोका कसा समजावायचा? (कोल्हापूर)

उत्तरेश्वरकर (धागाकर्ता)

आमच्या भागातल्या तालमीनं ४० मिनिटांचा कार्यक्रम ठेवलाय. समोर साठ-सत्तर माणसं असतील. निम्मी जुन्या दगड-मातीच्या घरांतली, निम्मी अपार्टमेंटमधली, चार-दोन गवंडी आणि सेंट्रिंगवाले, शिवाय १९६७ चा भूकंप आठवणाऱ्या आज्या. प्रोजेक्टर मिळेल, पण लाइटचा भरवसा नाही.

प्रश्न कुठले येणार ते पाठ आहेत: कधी होणार? भूकंपाच्या नकाशावर आपण झोन ३ मध्ये म्हणजे काय? कोयना फुटलं तर? लहान धक्के बसलेले चांगले का? काय दाखवावं, काय टाळावं, जाणकारांनी सांगा. प्लेटा सरकतात, हिमालय वर येतो, ते नको. त्या स्लाइड नेटवर पोत्यानं आहेत.

बेसाल्ट

प्लेटा वगळल्या हे उत्तम. पेठेतल्या माणसाला त्यातून करण्यासारखं काहीच मिळत नाही.

पहिल्या स्लाइडवर दोनच ओळी टाका.

११ डिसेंबर १९६७, कोयनानगर, पहाटे ४:२१, परिमाण ६.३.
३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, पहाटे ३:५६, परिमाण ६.२.

आकार जवळपास एक, वेळ जवळपास एक, दोन्हीकडे माणसं अंथरुणात. कोयनेला पावणेदोनशेवर माणसं गेली, किल्लारीला आठ-दहा हजार. एवढं वाचून दाखवा आणि विचारा, फरक कशामुळं? उत्तर लोकांकडून येऊ द्या. कुणीतरी गवंडीच बोलेल, "माळवदाची घरं होती तिकडं." दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर दोन-दोन फूट माती. तुमचा पुढचा सगळा कार्यक्रम या एका उत्तरावर उभा राहतो. 'कधी'वरून गाडी 'घर कसलं आहे' यावर आली की मग शिकवायला सोपं.

शंकासुर

थांबा. ही तुलना एवढी सरळ नाही. किल्लारीला केंद्राच्या अगदी जवळ दाट वस्तीची गावं होती, कोयनेकडं डोंगरदऱ्यांतली विरळ वस्ती. सगळा फरक घरांवर ढकलला तर सभेतला एखादा प्राध्यापक उभा राहून पंक्चर करेल.

बेसाल्ट

बरोबर, म्हणून तेही तुम्हीच आधी बोलून टाका: "माणसं किती आणि किती जवळ होती, हाही फरक होता." एका वाक्यात काम होतं. धोका म्हणजे जमीन किती हलते, तिथं कोण राहतं आणि घर किती तग धरतं, या तिन्हींचा गुणाकार. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं फारसं नाही, तिसरं आहे. सूत्र मात्र फळ्यावर लिहू नका. गुणाकाराचं चिन्ह दिसलं की मागच्या दोन रांगा मोबाइल काढतात.

आता परिमाण आणि तीव्रता. इथं निम्मे वक्ते घसरतात. विसर्जन मिरवणुकीतला डॉल्बी सगळ्यांना माहीत आहे. त्याचे वॅट एकच, पण पापाच्या तिकटीला छाती हादरते आणि रंकाळ्यावर नुसता ठोका ऐकू येतो. वॅट म्हणजे परिमाण, भूकंपामागं एकच आकडा. छातीत किती बसलं ती तीव्रता, ती जागेगणिक वेगळी. पेपरवाले 'रिश्टर' लिहितात, त्यावर वाद घालत बसू नका. आता वेगळी मोजपट्टी वापरतात हे खरं, पण त्या खुलाशानं कुणाचं घर मजबूत होत नाही.

तीव्रतेचे आकडे नकोत, वर्णन द्या. झोन ३ साठी आपल्याकडं जी पायरी धरली आहे ती बारापैकी सातवी. त्या पायरीला बहुतेक माणसं घाबरून बाहेर पळतात, उभं राहणं अवघड जातं. चांगल्या आरसीसी इमारतीला किरकोळ चिरा, विटांच्या घरांना जाणवण्याइतक्या भेगा, दगड-मातीच्या घरांच्या भिंतींना मोठ्या आणि खोल भेगा, त्यातल्या काहींचा एखादा भाग खालीही येतो. एकाच गल्लीत तीन घरांची तीन रूपं. हे चित्र काढून दाखवलंत तर झोनचा प्रश्न निम्मा सुटला.

पंचगंगाकाठ

नकाशाबद्दल माझं एक सांगणं. नेटवरचा रंगीत झोन नकाशा जसाच्या तसा लावू नका. बऱ्याच नकाशांत झोन २ हिरवा असतो, आणि हिरवा म्हणजे लोकांच्या डोक्यात 'बिनघोर'. शिवाय झोन ३ आणि ४ मधली रेषा ठळक दिसली की सभा त्या रेषेवरच भांडते, "आमचं गाव इकडं का तिकडं?" रेषेच्या अल्याड-पल्याड जमीन बदलत नाही. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा वापरा आणि कडा पुसट ठेवा.

त्याच स्लाइडवर एक वाक्य: किल्लारी १९९३ साली नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलला, किल्लारी आणि भूजनंतर २००२ मध्ये पुन्हा. झोन म्हणजे हमीपत्र नव्हे, बांधकामाला किमान किती ताकद द्यायची त्याचा तो हिशेब.

शंकासुर

म्हणजे नकाशा चुकतो असंच सांगायचं की! मग लोक म्हणणार, कशाला पाळायचा.

पंचगंगाकाठ

काय ओ, हे नेहमीचंच. नकाशा त्या दिवशीच्या माहितीवर असतो, माहिती वाढली की सुधारतो. पंचगंगेची पूररेषा बदलली तेव्हा कुणी नदी रद्द केली नाही.

मास्तरीणबाई

शक्यतेच्या आकड्यांवर बोलते, कारण तिथं चांगलेचांगले गारद होतात.

मोठ्या हादऱ्याची शक्यता सांगताना तज्ज्ञ वापरतात ते "४७५ वर्षांतून एकदा" हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. लोक सरळ बेरीज करतात: १९६७ ला झाला, म्हणजे २४४२ पर्यंत निवांत. तीच गोष्ट "५० वर्षांत १० टक्के" अशी सांगता येते, पण टक्केही हवेतच राहतात. त्यापेक्षा असं म्हणा: "आपल्यासारखी दहा गावं घ्या, ५० वर्षं थांबा. त्यातल्या साधारण एका गावात हा हादरा बसलेला असेल. कुठल्या, ते आज कुणालाच माहीत नाही."

कोल्हापुरात पुराचं उदाहरण तयार आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा' असं म्हटलं की वाटतं, एकदा आला, सुटलो. २००५, २०१९, २०२१ ही तीन सालं फळ्यावर लिहा आणि मग सांगा, दरवर्षी शंभरात एक शक्यता असलेली गोष्ट ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत घडण्याची शक्यता शंभरात २६ असते. कर्जाची मुदत म्हटली की अपार्टमेंटवाले जागे होतात.

बेसाल्ट

मास्तरीणबाई, मांडणी झकास, पण एक काटा काढतो. तो ४७५ चा आकडा आपल्या २००२ च्या झोन नकाशाला चिकटवू नका. तो नकाशा शक्यतेच्या गणितातून काढलेला नाही, जुन्या भूकंपांची तीव्रता आणि भूरचना यांवरून केलेला आहे. 'दहा गावं' हे शक्यता समजावण्याचं साधन म्हणून ठेवा. "कोल्हापूरचा आकडा दहात एक" असं म्हणालात तर ते खोटं होईल.

मास्तरीणबाई

मान्य. "समजा" हा शब्द आधी घालायचा आणि कोल्हापूरचं नाव त्या वाक्यात घ्यायचं नाही.

पंचगंगाकाठ

पुराचा विषय निघालाच आहे तर त्यातला खड्डाही दाखवतो. पुरानं आपल्याला एक सवय लावली आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, मग जनावरं सोडायची, सामान माडीवर. कोल्हापूरकर पायऱ्यांनी विचार करतो आणि भूकंपालाही तशीच पायरी मागतो: "किती फुटावर आलंय?" ती पायरी इथं नाही, हे एकदा ठासून आणि शांतपणे सांगावं लागतं. दिवस, वेळ, ठिकाण सांगून भूकंपाचं भाकीत जगात कुणालाच करता येत नाही. व्हॉट्सॲपवर "नासानं सांगितलंय, आज रात्री" आलं की तारीख आणि वेळ दिसली एवढंच त्याचं खोटेपण ओळखायला पुरेसं. ही खूण लोकांच्या लक्षात राहते.

उत्तरेश्वरकर

मग मोबाइलवर भूकंपाचा अलर्ट येतो म्हणतात तो काय?

बेसाल्ट

तो भाकीत नव्हे. भूकंप सुरू झाल्यावर, लाट तुमच्यापर्यंत पोचायच्या आत आलेला निरोप. अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात २०२३ पासून आहे.

गणित दाखवायचं तर कोयनेचंच घ्या. कोयनानगर ते कोल्हापूर सरळ रेषेत ९०-९५ किमी. पहिली, हलकी लाट सेकंदाला साधारण ६ किमी जाते, म्हणजे १५-१६ सेकंदांत इथं. जोराचं हलवणारी दुसरी लाट साडेतीन किमीच्या आसपास, ती २६-२७ सेकंदांत. दोघींत दहा-अकरा सेकंद. वारणेकडून आला तर अंतर ६० किमीच्या आसपास, फट सात सेकंदांवर येते. एवढ्यात टेबलाखाली जाता येतं, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येत नाही. सभेत घड्याळ लावून अकरा सेकंद मोजा आणि लोकांना जागेवरच खाली वाकून डोकं झाकायला लावा. हसतील, हसू दे.

उलटाही उपयोग आहे. पहिली थरथर आणि नंतरचा जोराचा झोका यांतले सेकंद मोजा, आठानं गुणा, केंद्राचं अंदाजे अंतर किमीत मिळतं. शाळकरी पोरांना हे लई आवडतं.

रिंगवाला

गवंडी आणि सेंट्रिंगवाले येणार म्हणालात. सभेतली सर्वात मोलाची माणसं तीच, त्यांना मागं बसवू नका. त्यांच्यासमोर आठ एमएमची रिंग, म्हणजे खांबाच्या उभ्या सळयांना वेढणारी आडवी सळई, हातात धरा. एका रिंगचा हूक ९० अंशात, दुसरीचा १३५ अंशात आत वळलेला. मधे लाकडी ठोकळा बसवून बाहेरच्या बाजूला ढकला. ९० ची उघडते, १३५ ची धरून ठेवते. खांबाचं बाहेरचं काँक्रीट फुटून पडलं की ९० अंशाच्या हुकाला धरायला काही उरत नाही, रिंग सुटते, उभ्या सळया पोट काढतात आणि खांब बसतो. हूक आत १३५ अंशात, पुढं शेपूट दहा व्यासाचं म्हणजे ८ एमएमला ८ सेंमी. बीमच्या जोडाजवळ, खांबाच्या वर-खाली, रिंगा १० सेंमीहून लांब नकोत. साइटवर नेमकं उलटं होतं. जोडात सळयांची गर्दी असते म्हणून तिथल्याच रिंगा गाळतात, आणि हूक वाकवायला वेळ लागतो म्हणून ९० वर सोडतात. वाचतं काय? एका खांबामागं जेमतेम काही मिनिटं.

अपार्टमेंटवाल्यांना पार्किंग दाखवा. वर सगळे मजले विटांच्या भिंतींनी भरलेले, खाली नुसते खांब. हलताना वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा वागतो आणि सगळं वाकणं पार्किंगच्या खांबांत येतं. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि सव्वादोनशे किमीहून लांब अहमदाबादेत असल्याच इमारती बसल्या. २००२ च्या नकाशात अहमदाबाद कुठल्या झोनमध्ये? तीन. कोल्हापूर जिथं आहे तिथंच. ही एक स्लाइड 'आरसीसी आहे, काय होत नाही' या समजुतीचा जाळ अन् धूर संगटच काढते.

शंकासुर

आणि त्यानंतर सभेतला माणूस घरी जाऊन काय करणार? पार्किंगचे खांब पाडणार? भीती घालून सोडून देणं सोपं असतं.

रिंगवाला

रास्त सवाल. म्हणूनच प्रत्येक भीतीच्या वाक्यामागं लगेच काम द्यायचं. पार्किंगवाल्यांना काम हे: सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एकच ठराव, इमारतीचे मंजूर स्ट्रक्चरल नकाशे फाइलला आहेत का बघणं, नसतील तर मिळवणं, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पार्किंगचा मजला तपासून घेणं. उपाय म्हणजे ठरावीक जागी खांबांमधे काँक्रीटची भिंत किंवा खांबांना जॅकेट, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचं नवं आवरण. कुठं आणि किती हे हिशेबानं ठरतं. कुणीतरी अंदाजानं एकाच कोपऱ्यात भिंत घातली तर इमारत पिळवटते, ते आणखी वाईट. तोवर खांबाला टाचे मारून पाइप नेणं बंद. हे फुकट आहे.

जुन्या वाड्यांसाठी वेगळं. तिथल्या भिंतीचे दोन पापुद्रे असतात, आतला आणि बाहेरचा, मधे खडी-माती भरलेली. हादऱ्यात दोन्ही पापुद्रे अलग होऊन बाहेर फुगतात. नव्या बांधकामात उपाय आरपार दगड: उंचीत दर ६० सेंमीला एक ओळ, आडवं अंतर १.२ मीटरहून जास्त नको. भिंतीच्या रुंदीएवढा दगड नसेल तर सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा चालतो. आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा पट्टा, किमान ७.५ सेंमी जाड, दोन सळया. नुसत्या खिडकीवरचं लिंटेल म्हणजे पट्टा नव्हे. तो कोपऱ्यात वळून पुढं गेला पाहिजे, सळया कोपऱ्यात तोडायच्या नाहीत. जुन्या भिंतीतही ठरावीक अंतरावर दगड काढून असे तुकडे ओतता येतात, पण एका वेळी एकच भोक, लगेच भरायचं, आणि देखरेखीला जाणकार माणूस.

मास्तरीणबाई

लाइट जाणार हे गृहीत धरून हातानं दाखवायचं एक साधन सांगते. साधारण अर्ध्या दिवसाचं काम आहे.

१८ मिमी प्लायची ६० × ४० सेंमीची फळी खाली. तिच्यावर बारा इंची ड्रॉवर चॅनेलची जोडी, त्यावर ४५ × ३० ची दुसरी फळी. गोट्यांवर फळी ठेवायचा प्रकार नेटवर दिसतो, तो करू नका. गोट्या निसटतात, फळी तिरकी जाते आणि सभेत हशा होतो. वरच्या फळीवर हॅक्सॉची तीन ब्लेडं उभी, बुडाशी दोन लाकडी पट्ट्यांत नट-बोल्टनं घट्ट आवळलेली. पट्टीच्या वर मोकळी लांबी १५, २० आणि २५ सेंमी. प्रत्येकाच्या टोकाला १०० ग्रॅम वजन. उद्यमनगरात २५ मिमी गोल सळईचे २६ मिमी लांबीचे तुकडे कापून मिळतात, ते जवळपास बरोबर १०० ग्रॅम भरतात. ब्लेडच्या टोकाला भोक असतंच, त्यातून स्क्रू.

फळी सेंटिमीटरभर मागंपुढं हलवायची. सावकाश, सेकंदाला एका हेलकाव्याहून जरा जास्त वेगानं, २५ चं ब्लेड नाचतं आणि बाकीची दोन जवळजवळ गप्प. सेकंदाला दोनच्या आसपास मधलं. तीनला छोटं. मोबाइलवर मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारं ॲप) ७०, ११० आणि १८५ ला लावून सराव करा, एका ठोक्याला एक पूर्ण फेरी. तुमच्या ब्लेडच्या जाडीनुसार आकडे थोडे सरकतील, ते आधी शोधून ठेवा.

दाखवायचं काय, तर जमीन एकच हलते पण बुटक्या आणि उंच इमारती वेगवेगळ्या हलण्याला नाचतात. लांबच्या मोठ्या भूकंपात सातव्या मजल्यावरच्यांना पंखा हलताना दिसतो आणि वाड्यातल्यांना काहीच कळत नाही, त्याचं उत्तर इथं मिळतं.

दोन गोष्टी बिघडतात. बुडाची पट्टी सैल असली तर ब्लेड तिथंच डुगडुगतं आणि वेग जुळत नाही. आणि 'पूर्ण कडक' प्रकारचं ब्लेड वाकवलं की तुटून तुकडा उडतो, म्हणून दुकानात 'फ्लेक्झिबल' मागा, दातांवर इन्सुलेशन टेप लावा, पुढच्या रांगेतली पोरं दोन मीटर मागं.

उत्तरेश्वरकर

ताई, हे नक्की करतो. आता लहान धक्क्यांचं सांगा. "रोज थोडं थोडं निघून जातंय ते बरंय" हे मी स्वतः बऱ्याच शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय.

बेसाल्ट

हे वाक्य सर्वात घातक, कारण ऐकायला छान वाटतं. आकडा बघा: परिमाणाची एक पायरी चढली की ऊर्जा सुमारे ३२ पट, दोन पायऱ्या म्हणजे हजारपट, तीन म्हणजे तीस हजारांच्या वर. ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा ३.३ च्या धक्क्यांनी 'थोडी थोडी' काढायची तर तसे तीस हजारांहून जास्त धक्के लागतील. फळ्यावर तांदळाचा एक दाणा काढून शेजारी "याचे तीस हजार" लिहा, झालं.

वक्त्यांसाठी याला एक इतिहास आहे. इटलीत लाक्विला शहराजवळ २००९ साली कित्येक महिने लहान धक्के चालू होते. तज्ज्ञांच्या बैठकीच्या सुमारास एका अधिकाऱ्यानं टीव्हीवर सांगितलं की ऊर्जा निघून जातेय, हे अनुकूलच आहे. आठवड्याभरात, ६ एप्रिलला पहाटे, ६.३ चा भूकंप आला आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४ च्या अपिलात सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण राहिली. जग समजतं की भाकीत केलं नाही म्हणून खटला झाला. वाद खरा होता तो खोट्या दिलाशाचा. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या धक्का बसला की घराबाहेर झोपायची, आणि दिलासा ऐकून त्या रात्री कित्येक जण घरात राहिले.

म्हणून "घाबरण्याचं कारण नाही" हे वाक्य तुमच्या भाषणात नको. "मोठा येईलच" हेही नको. म्हणायचं ते असं: "लहान धक्क्यांवरून मोठा येईल की नाही हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा येत नाही. पण घर तपासायला हे निमित्त चांगलं आहे." पालघरकडं डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून असे धक्क्यांचे झटके सुरू झाले, त्यातले मोठे चारच्या आसपासचे. तिथल्या कच्च्या घरांना तेवढ्यानंही तडे गेले, हे सांगायला विसरू नका.

शंकासुर

आणि कोयना धरण? तो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. पैज लावा.

पंचगंगाकाठ

येऊ दे. तीन भाग करून उत्तर द्या, घाई नको.

पाण्यामुळं भूकंप होतो का? तिथल्या खडकात भेगा आणि ताण आधीपासून होता. जलाशय भरायला लागल्यावर पाण्याचा दाब भेगांत खोल उतरला, दोन बाजू एकमेकींना दाबून धरत होत्या ती पकड सैल झाली आणि साठलेला ताण सुटायला निमित्त मिळालं. धरणानं ताण तयार केला नाही, ट्रिगर दिला. म्हणूनच जलाशयाची पातळी किती भरभर चढते आणि किती दिवस वर राहते याकडं शास्त्रज्ञ बघतात. भूकंप होणारा पट्टा साधारण ३० × २० किमीचा, आणि १९९३ पासून वारणा जलाशयाकडंही हालचाल दिसते. याच अभ्यासासाठी कोयना भागात तीन किमी खोल भोक पाडलंय, कराडला त्याची प्रयोगशाळा आहे.

धरण टिकेल का? १९६७ ला १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, उतार जिथं बदलतो त्या पातळीला, आडव्या भेगा पडल्या. धरण फुटलं नाही. नंतर मागून टेकू देऊन भक्कम केलं. एवढं सांगा. "काही होणार नाही" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, ते धरण सुरक्षेचं काम बघणाऱ्यांचं क्षेत्र. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं आपत्कालीन आराखडा बंधनकारक आहे, तो मागायचा.

पाणी इथं येईल का? नकाशा लावून बोटानं दाखवा. कोयना कराडला कृष्णेला मिळते. कोल्हापूर शहर पंचगंगेवर आहे आणि पंचगंगा कृष्णेला भेटते ती खाली नृसिंहवाडीला. म्हणजे कोयनेच्या पाण्याचा विचार शिरोळकरांनी आधी करायचा. शहराच्या डोक्यावर राधानगरी, तुळशी, कासारी, कुंभी आहेत. निम्म्या सभेला हे पहिल्यांदाच नीट उमजेल.

मास्तरीणबाई

हलताना काय करायचं, यावर सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका. पोस्टरवरचं "वाका, झाका, धरा" आरसीसी घरांसाठी ठीक: भक्कम टेबलाखाली, एक हात टेबलाच्या पायाला घट्ट, दुसरा मानेवर, जिना आणि लिफ्ट वर्ज्य. तळमजल्याच्या दगड-मातीच्या घरात दार चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं असेल तर बाहेर पडणं शहाणपणाचं. पण पेठेतली गल्ली सहा फुटी असली तर बाहेर समोरच्याच्या भिंतीची कौलं आणि कठड्याच्या विटा डोक्यावर येतात. तिथं आधी ठरवून ठेवा, कुठल्या बाजूनं, कुठल्या चौकात. 'जीवनाचा त्रिकोण' नावाचा मेसेज फिरतो, टेबलाखाली जाऊ नका, टेबलाशेजारी झोपा म्हणणारा. तो विसरा.

कोयना-किल्लारी, दोन्ही भूकंप पहाटेचे. म्हणून खरं काम पलंगाभोवतीचं. उशाशी माळ्यावरचे पितळी डबे नकोत, कपाट भिंतीला कोनानं बांधलेलं, पलंगाखाली चप्पल आणि बॅटरी. चप्पल यासाठी की अंधारात पहिली जखम पायाला काचेची होते. आज्यांना हे काम नेमून द्या, त्या घरात करून घेतात.

उत्तरेश्वरकर

धक्क्यानंतर तालमीच्या ग्रुपवर टाकायचा मेसेज आधीच लिहून ठेवतोय. बघा कसा वाटतो:

"भूकंपाचा सौम्य धक्का जाणवला. घाबरू नका, परिस्थिती नियंत्रणात आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. अधिक माहिती लवकरच."

शंकासुर

यात माहिती कुठं आहे, भावा? चार वाक्यं आणि एकही कामाचं नाही.

बेसाल्ट

शंकासुराशी पहिल्यांदा सहमत. 'सौम्य' कुणी ठरवलं? 'नियंत्रणात' काय आहे? असं करा:

"आज __ वाजता धक्का जाणवला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचा पहिला आकडा __, भूकंपाचं केंद्र __ जवळ. आकडा तासाभरात थोडा बदलू शकतो, तो सुधारणेचा भाग असतो. आणखी धक्के बसू शकतात, कधी ते सांगता येत नाही. आत्ता करा: गॅसचा रेग्युलेटर बंद, भिंती आणि खांब बघा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारा. मदत: ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. पुढचा मेसेज __ वाजता, नवं काही नसलं तरी."

शेवटची ओळ काढू नका. पुढची वेळ माहीत असली की लोक मधल्या काळात भलतंसलतं फॉरवर्ड कमी करतात. आकड्याचं वाक्यही गरजेचं, नाहीतर ४.२ चा ३.९ झाला की "सरकार लपवतंय" सुरू. आकडा त्या राष्ट्रीय केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून घ्या, टीव्हीच्या पट्टीवरून नको.

रिंगवाला

"भिंती आणि खांब बघा" म्हणालात, पण बघायचं काय ते लोकांना कुठं माहीत? कार्यक्रमात दोन फोटो दाखवा. प्लास्टरची जाळीसारखी बारीक चीर, ती बहुतेक जुनीच असते. आणि भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली किंवा खिडकीच्या कोनातून निघालेली भेग, ती बघण्यासारखी. मोजायला एटीएम कार्ड पुरतं, जाडी ०.७६ मिमी. भिंतीच्या भेगेत कार्ड शिरत असेल तर इंजिनिअरला बोलवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख घाला, पुढच्या धक्क्यानंतर वाढली का ते कळतं. खांबाला किंवा बीम-खांबाच्या जोडाला तिरकी भेग दिसली, सळई उघडी पडली, तर कार्ड शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर. आणि हे तपासायला आजच सगळ्यांच्या घराचे फोटो काढून ठेवायला सांगा. नाहीतर धक्क्यानंतर प्रत्येक जुनी चीर नवी वाटते आणि इंजिनिअर दिवसभर सुनेनं लग्नात पाहिलेल्या भेगा मोजत फिरतो.

उत्तरेश्वरकर

फोटोंचं काम पोरांकडं देतो, गल्लीवार. ब्लेडं आज आणतोय. २५ मिमी सळई उद्यमनगरात तुकड्यावर मिळेल का, का अख्खा बार घ्यावा लागेल?

मास्तरीणबाई

भंगारवाल्याकडं कापलेली टोकं असतात, किलोवर मिळतात. दहा-बारा सेंमीचा तुकडा घ्या, तीन वजनं निघून करवतीला जाईल तेवढं उरतं. कापणाऱ्याला सांगा, दोन्ही तोंडं सरळ हवीत. तिरकं कापलं तर ब्लेड एका बाजूला झुकून राहतं.